पाणी उतरल्यावर पडलेली भिंत: कृष्णाकाठच्या एका धक्क्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या उजव्या काठावर वसलेले एक गाव. गावाचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा पोटात घेऊन आलेली नदी कल्लोळजवळ दूधगंगेलाही घेते. पावसाळ्यात तिथून पुढे तिचे रूप काय होते ते काठावरच्यांना विचारावे. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी दरवर्षी येते आणि ती वाचली की लोक नदीतल्या मोटारी वर काढायला लागतात. या गावापाशी नदी डावीकडे वळण घेते, म्हणजे गाव वळणाच्या बाहेरच्या अंगाला येते. पुढच्या सगळ्या भानगडीत हे वळण लक्षात ठेवावे लागेल.

गावातल्या बऱ्याच घरांची मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन पैलतीरावर आहे. घर इकडे, ऊस तिकडे. पुलावरून जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून नाव. नावेतून माणसे जातात, वैरण येते, दुधाच्या किटल्या येतात, कधी मोटारसायकलही आडवी टाकून येते. या नावेसाठी काही वर्षांपूर्वी काँक्रीटचा धक्का बांधला होता: पाच मीटर उंच, चाळीस मीटर लांब सरळ उभी भिंत, तिच्या मागे मातीचा भराव, वर फरशी आणि नाव बांधायला लोखंडी खुंट. बाजूला पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बायका धुणे धुवायच्या.

मी बेळगावात स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची पहिली वर्षे कारवारकडच्या किनारी कामांवर काढली. त्यानंतर बहुतेक काम पुलांचे आणि टाक्यांचे. भिंत पडल्यावर ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांनी पाहुण्यांकरवी मला बोलावले ते ‘बंदराचं काम केलेला माणूस’ म्हणून. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात बंदरवाला कशाला, असे मलाही वाटले होते.

काय घडले

ऑगस्ट २०१९ चा महापूर या भागात कोणाला सांगायला नको. धक्का पूर्ण बुडाला, फरशीवरून कित्येक फूट पाणी गेले. पूर ओसरला आणि चाळीसपैकी अठ्ठावीस मीटर भिंत नदीच्या बाजूला आडवी पडली.

मी संकेश्वर, चिकोडी करत तिथे पोचलो तेव्हा भिंत पडून आठेक दिवस झाले होते. गावात दोन तर्क तयार होते. एक, कंत्राटदाराने सिमेंट खाल्ले. दुसरा, आलमट्टीची फूग, म्हणजे खालच्या आलमट्टी धरणामुळे मागे तुंबणारे पाणी. दुसऱ्या वादात मी पडलो नाही, अजूनही पडत नाही. भिंत का पडली याचे उत्तर त्यात नव्हते. पहिला तर्क मात्र बघताक्षणी गळाला. भिंतीचे तुकडे कुठे चुरले नव्हते. सांध्यांपाशी सुटून काँक्रीटचे तीन मोठे पत्रे अख्खेच्या अख्खे, बिजागरीतून निखळलेल्या दारासारखे पालथे पडले होते. खराब काँक्रीट असे पडत नाही, ते मधेच मोडते.

खरी गोष्ट नावाड्याने सांगितली. सत्तरीचा माणूस, सगळे त्याला मामा म्हणतात. “सायेब, भिंत पुरात न्हाई पडली. पूर अंगावर हुता तवर खांबावानी उभी हुती. पाणी उतराय लागलं, तीन दिसांत दोन पुरुष खाली आलं, आन् तिसऱ्या राती धाडकन् आवाज झाला.”

हे वाक्य ऐकले आणि कारवारची आठवण झाली.

कारण शोधताना

उभ्या राहिलेल्या बारा मीटर भिंतीपाशी गेलो. तिच्यात पाणी निघून जायला चार इंची पीव्हीसी नळ्यांची भोके ठेवलेली होती. एका पोराने उसाचा कांडका एका नळीत खुपसला. हातभर आत गेला आणि अडकला. ओढून काढला तर टोकाला करड्या-काळ्या चिकणमातीचा गोळा. दुसऱ्या नळीत तेच, तिसरीत तेच. भिंतीमागे थोडे उकरून बघितले तर भराव फरशीच्या खाली दीड-दोन फुटांपासून लोण्यासारखा ओला. नदी आठ दिवसांपूर्वी खाली गेली होती, भिंतीमागचे पाणी अजून तिथेच होते.

बंदराच्या धक्क्याचे गणित करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. ओहोटी लागली की धक्क्यासमोरचे पाणी झटकन उतरते, मागच्या भरावातले मात्र सावकाश झिरपते. तेवढा वेळ भिंतीला मागून जादा रेटा बसतो. कारवारला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत पातळीचा फरक सुमारे दोन मीटरचा, तोही दिवसातून दोनदा. म्हणून तिथे भिंतीमागे दगडाचा भराव करतात, त्यावर गाळणीचा थर देतात, आणि तरीही पाण्याचा उरलेला फरक गणितात धरतात. कृष्णेच्या या धक्क्याला भरती वर्षातून एकदाच येते, पण उन्हाळ्यातली पातळी आणि महापुराची पातळी यांतला फरक दहा मीटरच्या घरातला. आणि भराव कशाचा? समोरच्या मळीतून ट्रॅक्टरने आणून टाकलेल्या काळ्या मातीचा. ती पाणी प्यायला वेळ घेते आणि सोडायला त्याहून जास्त.

आकडे मांडून बघितले. मूळ गणितात भराव कोरडा राहील असे धरून मातीचा रेटा भिंतीच्या दर मीटरला सुमारे ९ टन येत होता. प्रत्यक्षात पडायच्या रात्री मागे साडेचार मीटर पाणी आणि पुढे जेमतेम अर्धा मीटर. एवढ्या फरकाने एकट्या पाण्याचा रेटा दर मीटरला १० टन होतो. पाण्यात बुडालेली माती हलकी होते, तिचा रेटा साडेचार टनांवर आला असेल. बेरीज साडेचौदा टन, म्हणजे हिशेबातल्या भाराच्या दीडपटीहून थोडी जास्त. अशा भिंतीत सुरक्षिततेसाठी ठेवतो ती राखीव ताकदही साधारण तेवढीच असते. ती सगळी त्या रात्री खर्च झाली. शिवाय पायाखालच्या पाण्याने भिंतीचे वजन वरच्या वर उचलून धरले ते वेगळे.

एवढ्यावरही भिंत कदाचित तगली असती. पण वळण होते. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते, तळाशी जाते आणि तळातली माती उचलून आतल्या काठाकडे टाकते. म्हणून पैलतीराला वाळूचा पट्टा वाढतो आणि अलीकडचा काठ खोल होतो. मामाच्या नावेत बसून आम्ही तळ मोजला. दोरीला पाच किलोचे वजन, दोरीवर हातभर अंतराने चिंध्या बांधलेल्या. दर पाच मीटरला वजन सोडायचे, मामा चिंध्या मोजणार, मी वहीत लिहिणार. भिंतीच्या मधल्या भागासमोर पायाच्या तीन मीटर खाली खड्डा निघाला. पडलेला भाग बरोबर तोच. पुढून पायथ्याची माती गेलेली, मागून पाणी ढकलतेय. मग काय होणार?

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय गावाचा आवडता: तीच भिंत पुन्हा, पण जाड आणि उंच, भोके जास्त. उंच भिंत दुरून दिसते, तिच्यावर कोनशिला बसते. मी विरोध केला. भोके कितीही वाढवली तरी मागे काळी मातीच असेल तर ती बुजणारच, आणि उंची वाढवली की पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. दीडपट उंचीला सव्वादोन पट रेटा.

दुसरा पर्याय उभी भिंत सोडून द्यायची आणि काठाला एकास दोन उतार देऊन दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करायचे. दगडांखाली गाळणीचा थर, पायथ्याला दगडांची सैल झालर. उतारातून पाणी सगळीकडून बाहेर पडते, त्यामुळे मागे साचत नाही. अडचण जागेची. पाच मीटर उंचीला एकास दोन म्हणजे दहा मीटर आडवी जागा. नदीत पुढे सरकणे शक्यच नव्हते, पात्र अरुंद केले तर वेग वाढतो आणि पैलतीर खचतो. म्हणजे मागे सरकायचे, आणि मागे एका घरची उसाची पट्टी होती.

तिसरा पर्याय मी सुचवला. नाव लागायची जागा वळणावरून उचलून वरच्या सरळ भागात न्यायचा आणि तिथे तरंगता धक्का ठेवायचा. पाण्याच्या पातळीचा खेळ जिथे मोठा असतो तिथे बंदरवाल्यांकडे मोजक्याच वाटा असतात. एक म्हणजे दार लावून पाणी आत कोंडायचे. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर हलते, म्हणून १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, दारांचे बांधले. भावनगरला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, तिथेही दार आहे. एका नावेसाठी हे हास्यास्पद. दुसरी वाट, धक्काच पाण्याबरोबर वर-खाली होऊ द्यायचा. हुगळीवर कोलकात्याच्या फेरी घाटांना आणि ब्रह्मपुत्रेवर गुवाहाटीला असे तरंगते धक्के आहेत.

लोखंडी पत्र्यांच्या खुंट्या ठोकून भिंत करायचाही विचार एका बैठकीत निघाला, पण तसले यंत्र त्या रस्त्याने गावात येणे अवघड आणि खर्च आवाक्याबाहेर. दहा मिनिटांत विषय संपला. आणि एक न बोललेला पर्याय होताच: ‘पूल होणार आहे, थांबा.’ दर निवडणुकीला होतो.

निर्णय आणि काम

दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र करायचे ठरले, पण सरळ नाही. बैठकीत अडून बसलेला प्रश्न असा: पुरात नाव कुठे लागणार? अध्यक्ष म्हणाले, तरंगता धक्का पुराच्या पातळीपर्यंत चालला पाहिजे. तसे केले असते तर साखळ्या, खांब, जोडपूल सगळेच तिप्पट मोठे झाले असते. मी विचारले, “मामा, पाणी किती चढलं की नाव बंद करता?” मामांनी जुन्या भिंतीवरची एक रेघ दाखवली, उन्हाळी पातळीच्या चारेक मीटर वर. त्यापुढे नाव सोडायची नाही असा तहसीलदारांचाही दंडक. मग त्या रेघेच्या वर धक्का कशाला चालवायचा? चालू स्थितीसाठी एक गणित आणि नुसते टिकून राहायच्या स्थितीसाठी दुसरे, हे बंदरात नेहमीचे आहे. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, हे पटले आणि बैठक पुढे सरकली. कागद कानडीत आणि भांडण मराठीत, असे आमचे सगळे काम चालले. शेवटी या निर्णयाचा ठराव मी उभा राहून मराठीत वाचून दाखवला.

उसाच्या पट्टीचा प्रश्न घरातल्या थोरल्याने सोडवला. दहाऐवजी आठ मीटर देतो म्हणाला, वरच्या भागात बसका कठडा करा. म्हणून वरचा एक मीटर दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांचा केला, बाकी उतार. ही तडजोड मला कागदावर आवडली नव्हती. पुढे तिने त्रास दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

२०२० चा अर्धा उन्हाळा टाळेबंदीत गेला, काम प्रत्यक्ष सुरू झाले २०२१ च्या संक्रांतीनंतर. जूनच्या आधी संपवायचे होते.

गाळणीच्या थरावर सगळ्यात जास्त वेळ गेला. तिचा नियम सोपा: खालची माती वरच्या थरातून निसटू नये, पण पाणी अडू नये. हिशेबात सांगायचे तर वरच्या थराचे बारीक कण खालच्या मातीच्या जाड कणांच्या चार-पाच पटींपेक्षा मोठे नकोत, आणि त्याच मातीच्या बारीक कणांच्या चार-पाच पटींपेक्षा लहानही नकोत. चिकणमातीवर थेट खडी टाकली तर पहिली अट मोडते, माती खडीत घुसून बसते. म्हणून आधी न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर वाळू, मग खडी, मग दगड. कापडाच्या पट्ट्या एकमेकांवर फूटभर चढवायच्या होत्या. मी नव्हतो त्या दिवशी मुकादमाने कापड वाचवायला चार बोटे चढवल्या. दुसऱ्या दिवशी दगड उचलून परत करायला लावले. शिव्या खाल्ल्या.

दगडाचा आकार वेगावर ठरतो. पुरात काठाशी पाणी सेकंदाला तीन मीटर धरले तर शांत प्रवाहात अठरा सेंटिमीटरचा दगड पुरतो, खळाळत्या वळणावर पस्तीसचा लागतो. आम्ही वळणावरचा धरला. काळ्या पाषाणाचा एवढा दगड साठ किलोच्या वर भरतो. मोजत कोण बसणार? खाणीवरच्या पोरांना सांगितले, एकट्याला खांद्यावर सहज घेता येईल तो दगड परत पाठवायचा. पहिल्या दिवशी अर्धी ट्रॉली परत गेली.

पायथ्याची झालर खड्ड्याच्या खोलीच्या दीडपट रुंद, म्हणजे साडेचार मीटर. नदीने तळ उकरला की झालरीतले दगड आपोआप त्या खड्ड्यात घसरतात आणि उतार झाकतात. सैल दगड हवेत ते याचसाठी.

इथेच माझी चूक झाली. पडलेल्या भिंतीचे ते तीन पत्रे फोडून हलवायचे तर यंत्र भाड्याने आणावे लागले असते. खालच्या टोकाला, झालर संपते तिथे, ते तसेच राहू द्या, फुकटचे वजन आहे, असे मीच म्हणालो. पैसे वाचले म्हणून सगळे खूश.

वरच्या सरळ भागात तरंगता धक्का: लोखंडी पेट्यांचा तराफा आणि काठाशी जोडणारा दहा मीटरचा पूल. पूल एकास चारपेक्षा जास्त तिरका झाला की डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला चढवत नाही, म्हणजे एका जागी फक्त अडीच मीटरचा फरक निभावतो. म्हणून काठावर तीन टप्पे केले, पाणी चढेल तसे पुलाचे टोक पुढच्या टप्प्यावर न्यायचे.

२०२१ चा पूर

काम संपून दोन महिने होत नाहीत तोच जुलै २०२१ चा पूर. तराफा आदल्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून देवळाच्या आवारात नेला होता. एक साखळी मात्र काठाच्या खुंटालाच राहिली. तिच्यात वाहून आलेली झाडे अडकली आणि खुंट उपटला.

पाणी उतरताना मी तिथे मुद्दाम गेलो. उतारावरच्या दगडांच्या फटींतून जागोजागी पाणी ठिबकत होते. स्वच्छ पाणी, माती नाही. मामा शेजारी उभे राहून बघत होते. “आता कशी घाम गाळतीया बगा,” म्हणाले. उतार जागचा हलला नाही.

खालचे टोक मात्र हलले. त्या तीन पत्र्यांच्या कडेभोवती पाण्याने भोवरा धरला, कडेला मोठा खड्डा पाडला. सैल दगड असते तर ते खड्ड्यात उतरले असते. अखंड पत्रा नुसता पूल होऊन राहिला, त्याच्या खालून पाणी पोखरत गेले आणि शेजारचे सहा मीटर पिचिंग घसरले. डिसेंबरात यंत्र आणून पत्रे फोडावेच लागले. वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त गेले.

पुन्हा करायचे झाले तर

पत्र्यांचे वर सांगितलेच.

दुसरी गोष्ट, तळ मोजायला आम्ही पूर गेल्यावर गेलो. पूर ओसरताना खड्डा गाळाने अर्धा भरतो, म्हणजे आम्ही मोजलेला तीन मीटर हा खरा खड्डा नसेल, खरा त्याहून खोल असेल. पाणी चढलेले असताना, नाव बंद व्हायच्या आधी, एकदा तरी मोजायला हवे होते. झालर तेवढी जास्त रुंद केली असती.

तिसरी गोष्ट गणितातली नाही. सगळ्या बैठकांत नावेची, ऊसवाल्यांची आणि जॅकवेलवाल्यांची, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवाल्यांची, माणसे होती. धुणेवाल्या बायका नव्हत्या. उतार झाल्यावर एक मावशी मला म्हणाल्या, “बंदर झक्कास केलंस बाबा, पण घागर ठेवायची कुठं?” जुन्या पायऱ्यांवर घागर टेकवायला सपाट जागा होती, इथे तिरका दगड. पिचिंग घसरलेल्या सहा मीटरांत दुरुस्ती करताना तिथे रुंद पायऱ्या बसवल्या, त्यामुळे ते काम तरी निघाले. पूर गेला की पायऱ्यांवर फूटभर गाळ बसतो, तो काढायचा कोणी यावर वाद आहे.

मोजणी आता दरवर्षी दोनदा होते, दसऱ्यानंतर आणि संक्रांतीला. मामांचा नातू वजन सोडतो, मामा चिंध्या मोजतात, आकडे शाळेच्या जुन्या वहीत लिहितात. गेल्या संक्रांतीला खालच्या टोकाचा आकडा दसऱ्यापेक्षा एक चिंधी जास्त निघाला. दोन ट्रॉल्या दगड टाकावे लागतील असे मी कळवले. दगड खाणीवर तयार आहेत, ट्रॅक्टरचे भाडे कोण देणार ते अजून ठरायचे आहे.